भाजावळीतले जीव

उन्हाळा सरत आला की रत्नागिरीकडे भाताची भाजावळ होते. रोपं जिथं काढायची त्या जागेवर शेण पसरायचं, वर कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, मग गवत आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. आग वाऱ्याच्या उलट बाजूनं लावायची, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत राहते आणि खालची माती नीट भाजते. तणाचं बी मरतं, किडीची अंडी मरतात, राखेचं खत मिळतं. काडी ओढण्याआधी सासूबाई काठीनं तो थर जागोजागी ठोकत जातात. "कोण आत असेल तो जाऊ दे गो आधी," म्हणतात. सरडा जातो, विंचू जातो, एखादी धामणही सळसळत निघून जाते. अळ्यांना जाता येत नाही. ज्याला पळता येतं त्याच्यापुरतीच ती दया पोचते.

आपल्या शेतातलं, आपल्या चुलीवरचं अन्न किती सात्त्विक, असं घरी येणारे पाहुणे म्हणतात, तेव्हा मला ही भाजावळ आठवते. विकतच्या तांदळामागेही असंच मरण असतं. आम्हाला ते दिसतं, इतकंच.

मनुस्मृतीनं घरातल्या पाच जागा हिंसेच्या म्हणून मोजल्या आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्या हिंसेचं परिमार्जन म्हणून रोजचे पाच महायज्ञ सांगितले. १९२७ साली महाडला या ग्रंथाचं दहन झालं, आणि ज्या अन्यायाविरुद्ध झालं तो अन्याय खराच होता. तरीही केरसुणीखाली चिरडणाऱ्या मुंगीची नोंद घेणारी ही यादी मला थांबवते. हिंसा दिसूनही रांधणं सोडा, असं ती सांगत नाही.

पण याच ग्रंथाचा दहावा अध्याय म्हणतो की ब्राह्मण-क्षत्रियांनी अडचणीच्या काळातही शेती टाळावी, कारण लोखंडी तोंडाचं लाकूड भूमीला आणि तिच्यातल्या जिवांना मारतं. इथं माझं भांडण आहे. चुलीच्या पापाला उतारा मिळतो आणि नांगराचं पाप दुसऱ्याच्या माथी जातं, भात मात्र सगळ्यांच्या पानात. बऱ्याच जैनांनीही शेती दूर ठेवली, पण त्यांनी खाणाऱ्यालाही आवर घातला: कंदमुळं वर्ज्य, सूर्यास्तानंतर जेवण नाही. खाणाऱ्याला मोकळं सोडून पेरणाऱ्याला दोषी धरणारा धर्म मला मान्य नाही.

मग उतारा तरी कोणता? कावळ्याला घास, गाईला घास हे आम्ही पाळतो. भाजावळीत मेलेल्या अळीला त्यातलं काहीच पोचत नाही. ज्याचं देणं लागतो त्यालाच ते फेडता येत नाही, हे मला फार काळ टोचत राहिलं. पण पितृऋणाचंही तसंच आहे. आईबापांचं आपण मुलांना देतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी शिजवणाऱ्याला पाप खाणारा म्हटलं आहे, ते मी याच अर्थानं घेते. दिल्यानं झालेलं मरण पुसलं जात नाही. न दिल्यानं ते केवळ माझ्या पोटासाठी झालं असं ठरतं.

लावणीच्या दिवसांत उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी असते. आमच्या घरची जुनी रीत अशी की पहिलं पान कावळ्याचं, मग घरच्यांचं आणि सकाळपासून चिखलात वाकलेल्या बायकांचं शेवटी, तेही पडवीत. मी त्यांना माजघरात आमच्याच पंगतीला बसवते आणि वाढायला सुरुवात त्यांच्यापासून करते. पंगत सासूबाईंनी मान्य केली, क्रम अजून नाही. "माणूस मागून घेईल गो, मुक्या जिवाला तोंड कुठं आहे?" त्या म्हणतात. त्यांचं म्हणणं मी मोडीत काढू शकत नाही. पण त्या बायकाही कधी मागून घेत नाहीत.