मार्कंडेयाला कुणी सांगितलं?

बरं न होणाऱ्या मुलांवर संशोधन करायचं, हे वाक्यच कानाला खुपतं. सलाइन लावायला ज्याच्या हाताची शीर सापडत नाही, त्या सात वर्षांच्या पोरासमोर प्रश्नावली घेऊन बसायचं? तो गेल्यावर त्याच्या आईला विचारायचं, की शेवटच्या महिन्यात त्याला किती दुखत होतं, खूप, बरंच की थोडंसं? ऐकणारा सहज म्हणेल, राहू द्या हो त्यांना. हे राहू देणं बहुतेक वेळा माणुसकीतूनच येतं. पण त्याची किंमत मुलांनी मोजल्याचे दाखले वैद्यकाच्या इतिहासात आहेत.

त्यातला एक फार जुना नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना अनेक ठिकाणी स्नायू सैल पाडणारं औषध दिलं जाई. पुरेशी वेदनाशामक भूल मात्र दिली जात नसे. बाळाची मज्जासंस्था कच्ची, त्याला दुखत नाही, आणि भूलच त्याच्या जिवावर बेतेल, असा पक्का समज होता. इंदूरला डॉक्टर होऊन र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेल्या कन्वलजीत आनंद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. काही बाळांना नेहमीच्या भुलीसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना दिलं नाही, आणि रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांत ताण कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही. तोवर हे कुणी नीट मोजलं नव्हतं, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे अशी सगळ्यांची खात्री होती. ती माणसं क्रूर नव्हती. आपापल्या घरी तान्ह्याला चिमटा बसला तर कळवळणारीच ती माणसं.

मरणाविषयी मुलाला काय कळतं, याबाबतही अशीच एक खात्री होती. लहान मुलाला मृत्यूची कल्पना नसते, पाच वर्षांखालच्याला मरण म्हणजे लांबच्या गावाला जाणं वाटतं, नऊ-दहाच्या पुढे खरं काय ते उमगतं. बुडापेस्टच्या मारिया नाज यांनी १९४८ साली मांडलेले टप्पे साधारण याच धाटणीचे, आणि पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांनी ते गिरवले. पण ते निष्कर्ष आले होते धडधाकट मुलांना विचारून. आजारी मुलांना कोण विचारणार?

युजेनिया वेख्टर या परिचारिका-संशोधिकेनं विचारलं, आणि तेही आडून. सहा ते दहा वर्षांच्या ६४ मुलांना तिनं चित्रं दाखवली आणि म्हटलं, याची गोष्ट सांग. त्यांतल्या १६ मुलांना जीवघेणा आजार होता. स्वतःच्या मरणाच्या भीतीविषयी आईबापांशी बोलणं झालेली मुलं त्यांत फक्त दोन. तरी या गटातल्या मुलांनी सांगितलेल्या ६३ टक्के गोष्टींत मरण आलं. ज्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांच्याही गोष्टीतली मुलं मेली. १९७१ साली छापून आलेला हा लेख आजही वाचताना थांबावं लागतं.

याच सुमाराला मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर ही तरुण मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांत वावरत होती. त्या काळी या आजारातून फार थोडी मुलं वाचत. परक्या जमातीत जाऊन राहावं, त्यांचं बोलणं-खेळणं पाहावं, नोंदी ठेवाव्यात, ही तिच्या विद्याशाखेची रीत. ती तिनं बालविभागात वापरली. १९७८ साली त्यातून ‘द प्रायव्हेट वर्ल्ड्स ऑफ डाइंग चिल्ड्रन’ हे पुस्तक आलं. तिला दिसलं ते असं: मुलाला आधी कळतं की हा आजार गंभीर आहे. मग औषधांची नावं आणि त्यांचे त्रास कळतात. मग कुठला उपचार कशासाठी हे कळतं. पुढे ध्यानात येतं की आजार जातो, परत येतो, पुन्हा जातो. आणि शेवटी हे उमगतं की ही ये-जा कायमची चालणारी नाही. शेवटची पायरी बहुधा विभागातलं दुसरं मूल गेल्याचं कानावर आल्यावर चढली जाते. वयाचा संबंध थोडा. किती सोसलंय त्यावर सगळं. नुकताच आजारी पडलेल्या हुशार नऊ वर्षांच्या मुलापेक्षा दोनदा आजार उलटलेलं चार वर्षांचं पोर अधिक जाणतं असे.

आपल्याकडच्या कुठल्याही बालकर्करोग विभागाबाहेर तासभर बसावं, म्हणजे या पायऱ्यांपैकी निदान पहिल्या दोन कानावर पडतात. ज्याला शाळेत धड जाता आलेलं नाही, ते मूल काउंट, प्लेटलेट, पोर्ट हे शब्द सराईतपणे बोलतं. त्याची आजी मात्र डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगते, त्याच्यासमोर काही बोलू नका.

पण मायराच्या पुस्तकातलं खरं मर्म मला याच्या पुढे दिसतं. मुलांना कळत होतं आणि आपल्याला कळलंय हे ती लपवत होती. आई खोलीत आली की पुढच्या सुट्टीचा विषय निघे. आईही त्यात सामील होई. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रौढ रुग्णांबाबत अशा परस्पर बतावणीचं वर्णन केलं होतं: दोन्ही बाजूंना ठाऊक, दोन्ही बाजू अजाण. मायराला ती तीन-चार वर्षांच्या मुलांतही सापडली. आणि तिनं त्या बतावणीला खोटेपणा म्हणून झिडकारलं नाही. मुलाला शेवटपर्यंत मूल राहता यावं, आईला आई आणि डॉक्टरला डॉक्टर, यासाठी सगळे मिळून हा डाव टिकवत असतात, असं ती म्हणते. मूल गप्प असतं, कारण बोललं तर आई रडेल, बाबा खोलीबाहेर जातील, येणाऱ्यांचं येणं कमी होईल, हे त्यानं पाहिलेलं असतं.

मला इथे मार्कंडेय आठवतो. मृकंडु ऋषींना वर मागायचा होता: दीर्घायुषी पण मंद पुत्र, की सोळाच वर्षं जगणारा गुणी पुत्र? त्यांनी दुसरा मागितला. आपल्या कीर्तनांत आणि चित्रांत ही कथा थेट शेवटाकडे धावते: यमाचा पाश, पिंडीला मारलेली मिठी, प्रकटलेले शंकर. सोलापूरचा पद्मशाली समाज नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतो, तोही त्या विजयाचाच. पण आधीची सोळा वर्षं त्या आश्रमात रोजचं जेवण कसं होत असेल? मुंज झाली, विद्या झाली, आणि प्रत्येक वाढदिवसाला आईबाप एकमेकांकडे बघत असतील. कथेत एवढंच येतं की सोळावं वर्ष जवळ आलं, आईबापांचे चेहरे उतरले आणि मुलानं कारण विचारलं. म्हणजे बोलणं मुलानंच काढलं. पुराणकारांना हा तपशील सुचला, आणि मारिया नाज यांच्या टप्प्यांत मात्र त्याला जागा नव्हती.

मग सांगावं की नाही? या प्रश्नावर सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास स्वीडनचा. उलरिका क्रेइत्सबर्ग्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ ते १९९७ या काळात कर्करोगानं मूल गमावलेल्या देशभरच्या पालकांना गाठलं. ४४९ जणांनी उत्तरं दिली. मुलाशी मरणाबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पस्तावा झाला नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना झाला होता. २००४ साली हे आकडे प्रसिद्ध झाल्यापासून व्याख्यानांतून तो शून्य टाळ्या घेतो. मी त्या शून्यावर फार भार टाकणार नाही. बोललेले आईबाप बहुधा तेच, ज्यांच्या मुलानं आधी दार किलकिलं केलं होतं. शिवाय पस्तावा विचारला तो वर्षांनंतर, आणि आईबापांना. मुलाला काय हवं होतं, ते त्या आकड्यांत नाही. मला त्याच अभ्यासातली दुसरी जोडी मोलाची वाटते. मुलाला कळलंय असं जाणवूनही जे बोलले नाहीत, त्यांच्यात पस्तावणारे ४७ टक्के. ज्यांना तसं जाणवलं नव्हतं, त्यांच्यात १३ टक्के. म्हणजे गप्प राहण्यापेक्षाही सलतं ते ऐकू येऊन गप्प राहणं.

मोठी मुलं तर याहून पुढे गेलेली असतात. पामेला हाइंड्स यांनी मेम्फिस आणि सिडनीतल्या दहा ते वीस वयाच्या २० रुग्णांशी बोलून २००५ साली लिहिलं, की २० पैकी १८ जणांना आपल्यापुढचे पर्याय अचूक ठाऊक होते, आणि निर्णयाची परिणती आपल्या मरणात होणार हेही. निर्णय कशावरून घेतला, या प्रश्नाला सर्वाधिक आलेलं उत्तर इतरांच्या काळजीचं होतं. घरच्यांसाठी.

मोठ्यांना कळायला मात्र वेळ लागतो. जोआन वुल्फ यांनी बोस्टनमध्ये १०३ पालकांच्या मुलाखती घेतल्या आणि नोंदी तपासल्या. आता बरं होण्याची वास्तव आशा नाही, हे डॉक्टरांना मृत्यूच्या सरासरी २०६ दिवस आधी कळलेलं दिसलं, पालकांना १०६ दिवस आधी. मधले शंभर दिवस कुणाचे? याच मुलांपैकी ८९ टक्के मुलांना शेवटच्या महिन्यात निदान एका लक्षणाचा खूप त्रास झाला, असं पालकांनी सांगितलं. वेदनेवर उपचार झाले त्यांच्यातही ते यशस्वी ठरल्याचं पालकांना वाटलं ते जेमतेम २७ टक्के मुलांत. जगातल्या उत्तम रुग्णालयांपैकी एकातले हे आकडे, आणि तिथे मॉर्फिनची ददात नव्हती.

आपल्याकडे ती होती आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यानं तोंडानं घ्यायच्या साध्या मॉर्फिनसाठीही परवान्यांची माळ लावली, केरळच्या एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानं २०१४ साली संसदेनं ती सैल केली. महाराष्ट्रात टाटा रुग्णालयात मेरी ॲन मुकादन यांनी मुलांसाठीचं हे काम रुजवलं, आणि २०१०च्या सुमारास ते जव्हारसारख्या आदिवासी भागातही न्यायचा प्रयत्न झाला. तरी परळच्या फुटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्या बिहारच्या किंवा बीडच्या कुटुंबापुढचे शंभर दिवस बोस्टनपेक्षा वेगळे असतात. उपचार थांबवणं म्हणजे गावी परत जाणं, आणि गावी दुखणं थांबवणारं कुणी नसतं. अशा वेळी ‘केमोची अजून एक सायकल देऊन बघू’ हे वाक्य आशेपोटी येतं की परतीच्या भीतीपोटी, हे बापालाही सांगता येणार नाही.

काय कळलंय आणि काय हवंय, हे आपल्याकडच्या मुलांनाच विचारलं पाहिजे असं कुणी ठरवलं, तर त्याला आधी नियम वाचावे लागतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की संशोधनात भाग घ्यायला पालकांच्या संमतीबरोबर सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती घ्यावी, बारापुढच्याची लेखी, आणि मूल नको म्हणालं तर त्याचा मान राखावा. चांगला नियम आहे. पण आजाराचं नाव काढू नका असं आजीनं बजावलेल्या घरात ही अनुमती कशाची घ्यायची? मूल कशाला हो म्हणतंय? नैतिक समितीपुढे अशी अडचण आली की सोपा मार्ग दिसतो: मुलाला वगळा, आईला विचारा. वुल्फ आणि क्रेइत्सबर्ग्स यांनीही आईबापांनाच विचारलं होतं. आणि समजा एखाद्या चिकाट संशोधकानं मुलापर्यंत तो कागद नेलाच, तर एक विचित्र गोष्ट घडेल. वीस मिनिटांच्या प्रश्नावलीला त्या आठ वर्षांच्या मुलाला ‘नको’ म्हणता येईल, आणि ते मानलं जाईल. पुढच्या मंगळवारच्या केमोबद्दल त्याला कुणी विचारलेलं नाही.