ध्वनिक्षेपकापुढचे नाव

मराठी भाषेने 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत केवळ एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिल्यात बारशाचा आनंद आहे, तर दुसऱ्यात निंदा. रेडिओवर कार्यक्रम सादर करणारा पती आपल्या पत्नीलाही सोबत घेतो आणि श्रोत्यांसाठी तिला एखादे गमतीचे नाव शोधू लागतो, तेव्हा तो या एका मात्रेच्या उंबरठ्यावर उभा असतो.

वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. टोपणनाव घेणे म्हणजे असत्य बोलणे नव्हे. राजाची भूमिका करणाऱ्या नटाला कोणी तोतया म्हणत नाही. घर आणि मुले परक्या कुतूहलापासून झाकण्यास असे नाव उपयोगीही पडते. परंतु रंगभूमीवर चेहरा असतो, वेष असतो. रेडिओवर आवाज आणि नाव एवढाच माणूस असतो. मुंबई आकाशवाणीच्या 'प्रपंच' मालिकेतील मीनावहिनी घराघरांत पोहोचल्या. त्यांना आवाज देणाऱ्या नीलम प्रभू, म्हणजे नंतरच्या करुणा देव, यांचा चेहरा मात्र कित्येक श्रोत्यांना अपरिचितच राहिला.

पत्नीचे नाव पतीने ठरवावे, ही गोष्ट आपल्या प्रदेशाला नवी नाही. हिंदू विवाहात तबकातील तांदळांत वर बोटाने वधूचे नवे नाव लिहीत असे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका होत्या. आपल्या विवाहसंस्कारात मात्र वधूवर आपापल्या नावाने वचन देतात आणि ही नावे त्यांना बाप्तिस्म्यात मिळालेली असतात. वेदीसमोर ज्या नावाने तिचा स्वीकार केला, ते बाजूला ठेवून दुसरे नाव देताना म्हणूनच हात किंचित थबकावा. (पुढे आयुष्यभर 'अहो' आणि 'अगं' यांवरच संसार निभतो, ही गोष्ट निराळी!)

अमेरिकेतील एक उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. विनोदी कलावंत जॅक बेनी यांचे मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. इतर कलावंतांच्या नावांशी घोटाळा होतो म्हणून त्यांना स्वतःचे नाव दोनदा बदलावे लागले होते. 1927 साली त्यांचा सेडी मार्क्स यांच्याशी विवाह झाला. 1932 साली त्यांचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी सेडीबाई प्लेनफिल्ड गावची मेरी लिव्हिंगस्टन नावाची चाहती म्हणून त्यात बोलल्या. हे नाव त्यांच्यासाठी विचारपूर्वक निवडलेले नव्हते. ते एका छोट्या भूमिकेचे नाव होते. श्रोत्यांना ती भूमिका आवडली आणि बाई त्या नावातच राहिल्या. पुढे तर त्यांनी कायद्यानेही तेच नाव धारण केले.

यात काही जणांना पत्नीचा लोप दिसेल. मला ते पूर्णतः पटत नाही. कार्यक्रमातील मेरी ही जॅकची पत्नी नव्हतीच. ती त्याच्या कंजूषपणाची आणि बढाईची बिनदिक्कत टिंगल करणारी मैत्रीण होती. हशा बहुतेक वेळा पतीच्या अंगावर येई. त्या नावाने तिला उलट बोलण्याचा अधिकार दिला होता. उलटपक्षी एखादा नवरा आपल्या बायकोला हवेत 'कटकटीबाई' करून सोडतो, तेव्हा तिने काहीही उत्तर दिले तरी ते कटकटच ठरते. तिचे तोंड नावानेच बंद केलेले असते. शिवाय उद्या शाळेत मुलाला त्याच नावाने चिडवतील, तेव्हा तेथे पार्श्वसंगीत नसेल आणि हशाही वेगळाच असेल.

मेरीची दुसरी बाजूही आहे. या बाईंना श्रोत्यांसमोर बोलण्याची भीती वाटे आणि वर्षांगणिक ती वाढत गेली. अखेरच्या काळात त्यांची वाक्ये घरीच ध्वनिमुद्रित करून कार्यक्रमात जोडली जात. नाव लोकप्रिय झाले की त्याची मागणी माणसाच्या शक्तीहून मोठी होते. म्हणून नाव ठरवताना 'ते आवडेल का?' या प्रश्नाबरोबर 'ते कधी खाली ठेवता येईल का?' हाही प्रश्न पत्नीला विचारला पाहिजे, आणि तिच्या नकाराला रुसव्याचा दंड असता कामा नये.

जिम आणि मेरियन जॉर्डन हे इलिनॉय राज्यातील पिओरिया गावचे कॅथलिक दांपत्य. चर्चच्या गायनवृंदात त्यांची ओळख झाली आणि 1918 साली विवाह. 1935 पासून ते रेडिओवर फिबर मॅगी आणि मॉली झाले. दोघांनीही नाव घेतले, एकट्या पत्नीने नव्हे. 1937 च्या अखेरीस मेरियन आजारी पडल्या आणि सुमारे दीड वर्ष दूर राहिल्या. त्या काळात कार्यक्रमाच्या शीर्षकातून मॉली हे नाव काढले गेले आणि 'फिबर मॅगी आणि मंडळी' असा बदल झाला. मॉली म्हणून दुसरी कोणी आणली गेली नाही. 1939 च्या वसंतात मेरियन परतल्या, तेव्हा ते नाव त्यांच्यासाठी तसेच राखलेले होते.