दान नव्हे, ऋण



2023 साली दुबई येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामान परिषदेत सर्वधर्मीयांचा स्वतंत्र मंडप प्रथमच उभारला गेला. तेव्हा अशा परिषदांतील ठराव धर्माच्या तराजूत तोलणे हे आपलेही काम झाले. 2024 साली बाकू येथे धनिक राष्ट्रांच्या पुढाकाराने, 2035 पर्यंत विकसनशील राष्ट्रांसाठी प्रतिवर्षी किमान 300 अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले. मागणी होती 1300 अब्जांची. भारताच्या प्रतिनिधीने तेथेच निषेध नोंदविला.

या रकमेस पुष्कळजण 'साहाय्य' म्हणतात. आम्हांस तो शब्द खटकतो. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी व पितर यांचा ऋणी असतो, असे आपले शास्त्र मानते. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते. ऋण फेडावेच लागते. दीडशे-दोनशे वर्षे कोळसा व तेल जाळून जे संपन्न झाले, त्यांच्या धुराची झळ आज ज्यांच्या चुली जेमतेम पेटतात त्या बेटांना लागत आहे. मग दात्याचा आव कशाला?

परंतु हाच न्याय आपल्यासही लागू होतो. आपल्या देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशावरच निर्माण होते. उत्सवात रात्रभर शिखरावर झगमगणाऱ्या माळांसाठी कुठल्या तरी खाणीजवळचे गाव काजळी सोसत असते. (देवाने माळा मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.) येत्या उत्सवाचे अंदाजपत्रक सभेपुढे येईल, तेव्हा रोषणाईच्या कलमाशी सभासदांनी क्षणभर थांबावे आणि त्या गावाचे आपण काय देणे लागतो हे विचारावे, अशी विनंती आहे.