न तापणारं इंजिन

स्वस्थ बसा. हातातलं काम थोडा वेळ बाजूला राहू द्या. आता एकाच गोष्टीकडे पाहायचं आहे: ट्रकचं डिझेल इंजिन, जे हिवाळ्यात हवं तेवढं तापत नाही.

मनासमोर भिलाई आणा. पौषातली पहाट, चांगलाच गारठा. भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग असा राष्ट्रीय महामार्ग 53 धरून आलेले ट्रक हथखोजच्या औद्योगिक वसाहतीकडे वळताहेत. पलीकडे पोलाद कारखाना. तिथली पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीतून वितळलेलं लोखंड सुमारे 1500 अंशांवर बाहेर पडतं, आणि भट्टी निवली तर केवढं संकट, हे इथल्या कामगाराला सांगावं लागत नाही. तरी याच गावात ट्रकचा तापमानाचा काटा खाली दिसला की तोंडातून निघतं, ‘बरं झालं, गाडी थंड आहे.’

त्या ‘बरं झालं’पाशी थांबा. ते येतं कुठून?

ते मे महिन्यातून येतं. पारा 44-45च्या घरात, गाडी भरलेली, समोर चढ, आणि रेडिएटर उकळलेला. हा अनुभव एकदा आला की माणूस उष्णतेलाच भितो. या भीतीपोटी कितीतरी गाड्यांचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला जातो. उन्हाळा कसाबसा निघतो. पावसाळा सरतो. डिसेंबर उजाडतो, आणि काढलेला भाग कुणाच्या ध्यानातही राहिलेला नसतो.

आता सावकाश इंजिनाच्या आत उतरा. डिझेलला ठिणगीची गरज नसते. सिलिंडरमधली हवा दाबली जाते, 500 अंशांच्या वर तापते, तिच्यात डिझेलचा फवारा शिरतो आणि पेट घेतो. सिलिंडरच्या भिंती गार असल्या की त्या ही उष्णता ओढून घेतात. काही डिझेल अर्धवट जळतं. काही न जळताच लायनरवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. जळणातून निघालेली वाफ आतल्या आत थिजून पाणी होते, डिझेलमधल्या गंधकाच्या साथीने आम्ल तयार होतं, लायनर आणि रिंगा झिजत जातात. एव्हरेज पडतं.

हे सगळं बिनबोभाट चालतं. तापलेली गाडी रस्त्यात उभी राहते. गार गाडी चालत राहते, म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. हे वाक्य मनात थोडं घोळवा.

मग पाहायला लागा, एकेक करून.

आधी काट्याचीच परीक्षा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि कूलंट किती आहे ते बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका. कूलंट कमी असेल आणि सेन्सर हवेत उघडा पडला असेल, तर आत इंजिन तापत असतानाही काटा खाली राहू शकतो. सेन्सरची वायर, तिचं अर्थिंग तपासा. काटा खरं बोलतो हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता रात्रभर उभी असलेली गाडी चालू करा. पंखा आणि पट्ट्यापासून दूर राहून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपावर तळहात ठेवा. पाइप गार आहे. वाट पाहा. थर्मोस्टॅट नीट असेल तर इंजिन तापू लागलं तरी पाइप बराच वेळ गारच राहतो, आणि मग झडप उघडताच झपाट्याने गरम होतो. पहिल्या मिनिटापासूनच पाइप इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे, किंवा ती जागेवरच नाही.

गाडी गार झाली की थर्मोस्टॅट बाहेर काढा. त्याच्या छोट्या धातूच्या कुपीत मेण असतं. ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. ही युक्ती 1930च्या दशकापासून चालत आली आहे. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोमीटर सोडा, खाली आच द्या. अंगावर 82 कोरलं असेल तर 82च्या आसपास झडपेची फट दिसू लागली पाहिजे. थंड पाण्यातच ती उघडी असेल, तर दोष तुमच्या हातात आहे.

ती ठीक निघाली, तर पंखा सतत जोरात फिरतोय का ते बघा. कारखान्याच्या गेटवर तासन् तास नुसतंच चालू ठेवलेलं इंजिनही तापत नाही. तिथे ते बंद करणं हाच इलाज. रेडिएटरपुढे पोतं बांधून काटा वर येईल, पण दुपारी ते काढायचं राहिलं तर दुसरंच दुखणं उभं राहील.

आता पुन्हा त्या उन्हाळ्याकडे वळा. गाडी तापली होती, खरं आहे. कारण काय होतं? जाळीत बसलेला चिखल, सैल पट्टा, दाब न धरणारं झाकण? ते तसंच राहिलं आणि थर्मोस्टॅट मात्र गेला. बऱ्याच इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. ती नसली की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो. म्हणजे ज्या उन्हाळ्यासाठी तो काढला, त्या उन्हाळ्यातही पुरता उपयोग नाही.

स्वतःला विचारा: एका ऋतूच्या धास्तीत मी काय काय काढून टाकलं, आणि ऋतू पालटल्यावर ते परत बसवलं का? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. प्रश्न जवळ असू द्या.

इंजिनापुरतं उत्तर मात्र स्पष्ट आहे. कंपनीने सांगितलेल्या अंशाचा थर्मोस्टॅट नव्या पॅकिंगसह बसवा, रेडिएटर साफ करून घ्या, पट्टा ताणा, झाकण बदला. काटा खालून उठून आपल्या जागी आला आणि तिथेच टिकला, की समजा इंजिनाला त्याची हक्काची ऊब मिळाली.