निक्षेप

सिरसाळ्यास समुद्र नाही; तथापि सुरुंग हा शब्द या परळीच्या मुलखात पोरासोरांच्याही तोंडी आहे, कारण विहिरीला काळा पाषाण लागला म्हणजे सुरुंगवाल्यावाचून गत्यंतर नसते. तो भोके पाडून दारू ठासतो, वाती पेटवितो, वर चढून येतो आणि हाळी देऊन वाटसरूंना थोपवून धरतो. अर्थात कर्ता, कर्म आणि फल ही तिन्ही एकाच बांधावर एकमेकांच्या दृष्टीसमोर असतात.

फेब्रुवारी १९१७ मध्ये मालवाहू जहाजाच्या वेषातील ‘वोल्फ’ या जर्मन युद्धनौकेने मुंबई बंदराच्या वाटेवर पाणसुरुंग पेरले आणि तिचा कप्तान नेर्गर पुढील मोहिमेस निघून गेला. चार महिन्यांनी, २३ जून रोजी, मृग सरून आर्द्रा लागल्या होत्या आणि इकडे तिफणी चालत असतील, तेव्हा पी. अँड ओ. कंपनीचे ‘मंगोलिया’ हे जहाज त्यांतील एका सुरुंगाने बुडाले. त्या घटकेस ‘वोल्फ’ न्यूझीलंडच्या बाजूस होती. पेरील त्याने कापावे, हा कर्मसिद्धान्ताचा कुणबाऊ अर्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. येथे पेरणारा एक, आणि पीक पदरी पडले ते ज्यांचे नावगावही त्यास ठाऊक नव्हते अशांच्या.

मग ही हत्या घडली केव्हा, फेब्रुवारीत की जूनमध्ये? चेतना हेच कर्म, असे बौद्ध म्हणतील. पण जूनमध्ये नेर्गरच्या चित्तात मंगोलिया असण्याचे कारणच नव्हते. गीतेच्या अठराव्या अध्यायातील पाच कारणांपैकी कर्ता येथे दूर निघून गेला आहे आणि करण तेवढे जागे आहे. मला जैनांचा विचार अधिक मार्मिक वाटतो. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कर्मास्रवाची, म्हणजे कर्म जीवाकडे वाहत येण्याची, जी निर्जीव अधिकरणे सांगितली आहेत, त्यांत ‘निक्षेप’, म्हणजे वस्तू नुसती ठेवणे, हे स्वतंत्रपणे मोजले आहे. मारणे नव्हे, द्वेष करणे नव्हे, ठेवणे.

१९०७ च्या हेग करारातील मुत्सद्द्यांना आस्रवाची खबर नसावी. तरी नांगराविना सोडलेला सुरुंग, पेरणाऱ्याचा ताबा सुटल्यापासून फार तर एका तासात निरुपद्रवी झाला पाहिजे, असे त्यांनी मुक्रर केले. कर्त्यावाचून कर्म किती वेळ चालू द्यावे याची मुदत ठरविण्याचे धाडस आमच्या कोणत्याही आचार्याने केल्याचे स्मरत नाही! अमेरिकेच्या भूसेनेकडे तर बंदरांच्या मुखाशी सुरुंग पेरणारी खास जहाजे होती, आणि त्या सुरुंगांची तार किनाऱ्यावरील चौकीत आणलेली असे, जेणेकरून आपले जहाज कोणते नि परके कोणते हे पाहूनच कळ दाबावी. त्याने हिंसा टळत नाही, हे खरे. परंतु हात जागेवर राहतो.

आमच्याकडील सुरुंगवाला बार मोजतो. वाती चार पेटविल्या आणि आवाज तीनच झाले, तर मालक कितीही घाई करो, तो कोणास विहिरीत उतरू देत नाही. काठावरच्या लिंबाखाली बसकण मारून राहतो, आणि दुपार कलली तरी उठत नाही.