शांत की भेदरलेला?

हिरवा इग्वाना हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील सरडा. अमेरिकेत अनेकजण तो हौसेने पाळतात. हातात मावणारे पिल्लू पुढे शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढते. कुरवाळले की ते डोळे मिटून निश्चल बसते. ‘किती शांत!’ असे आपण म्हणतो. पण अनेकदा ती भीती असते. विणीच्या हंगामात नर चवताळतो, शेपटीचे फटके मारतो, चावतो. मग तो ‘वाईट’ ठरतो. फ्लोरिडात असे कित्येक इग्वाना मालकांनी बाहेर सोडून दिले.

खरे तर त्याने मायेचे वचन कधी दिलेच नव्हते. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावला. घरात गप्प राहणाऱ्या माणसांनाही आपण असेच समाधानी समजतो का? त्यांना आज विचारू या.