पाणी कोणाच्या दारीं?

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मनुष्यास पावसाळ्याचें भय वाटतें हें सांगावयास नको. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या ठिकाणीं जुन्या तिमजली-चौमजली इमारती पाडून तेथें टॉवर उभारण्याचें काम जोरानें चाललें आहे, आणि तेथें नवें घर घेणारा गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, येथें पाणी भरतें काय? ‘नाहीं; जोतें चांगलें उंच घेतलें आहे,’ असें उत्तर मिळालें म्हणजे त्याचें समाधान होतें. हें समाधान कितपत योग्य आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे. जोतें उंच घेतल्यानें पाणी नाहींसें होत नाहीं. तें केवळ आपल्या दारीं यावयाचें थांबतें. मग तें कोणाच्या दारीं जातें, आणि तसें तें धाडण्याचा आपणांस अधिकार कोणता?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. उपनगरें ज्या साष्टी बेटावर वसलीं आहेत, त्याच्या मध्यभागीं डोंगरांची रांग आहे. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या त्या डोंगरांतून निघून पश्चिमेस समुद्राकडे जातात. विहार व पवई तलावांतून ओसंडलेलें पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीस मिळते. पूर्वेकडील पाणी ठाण्याच्या खाडींत उतरतें. पाण्याची वाट अशी बहुतांशीं पूर्व-पश्चिम, आणि माणसानें घातलेले लोहमार्ग व हमरस्ते मात्र दक्षिणोत्तर. त्यांतच भरतीची वेळ असली म्हणजे पाण्यास पुढें जावयास जागाच राहत नाहीं. जुनीं गटारें ताशीं २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेलीं होतीं. ती शक्ति दुप्पट करावी, अशी शिफारस १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानें केली. पुढें २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच काळांत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटरच्या सुमारास. निसर्ग संकट सारखें वांटून देत नाहीं, हें त्या दिवशीं दिसून आलें. मात्र निसर्गानें केलेल्या या असमान वांटणींत आपण आपल्या हातानें किती भर घालतों, हें पाहणें अधिक महत्त्वाचें आहे.

पाण्यावरून शेजाऱ्यांचा तंटा आपल्याकडे नवा नाहीं. पागोळ्यांचें पाणी कोणाच्या अंगणांत पडावें यावरून भाऊबंदांत वैर आल्याच्या गोष्टी कोंकणांत कोणीहि सांगेल. १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टांत याविषयीं एक मार्मिक उदाहरण दिलें आहे. उंच जमिनीवर पडलेलें पाणी स्वाभाविकपणें खालच्या जमिनीकडे आलें, तर खालच्या मालकानें तें येऊं दिलें पाहिजे, असा त्याचा आशय. येथें ‘स्वाभाविकपणें’ हा शब्द मोलाचा आहे. डोंगर उंच आहे हा कोणाचा अपराध नव्हे. परंतु काल शेजारच्या जमिनीशीं समपातळींत असलेलें आवार आज भर टाकून हातभर उंच केलें, त्यांतील माती फरसबंदीखालीं पुरली, आणि पूर्वीं त्या मातींत मुरणारें पाणी फाटकाबाहेर लोटून दिलें, तर या उतारास स्वाभाविक कोण म्हणेल? शेजारची जुनी इमारत जागची तिळभरहि हललेली नसते. तरी ती सखल ठरते. पुढें रस्त्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर चढतो, तिची पायरी आणखी बुडते, आणि तळमजल्यावरचा भाडेकरू खाटेच्या पायांखालीं विटा लावूं लागतो.

उष्णतेचीहि तीच कथा आहे. खोली थंड करणारें यंत्र उष्णतेचा नाश करीत नाहीं. तें खोलींतील उष्णता गल्लींत नेऊन टाकतें, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तींत मिसळतें. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याच्या वांट्यास सूर्याची उष्णता येते ती येतेच. वर शेजाऱ्यानें टाकून दिलेलीहि येते.

डोंगराच्या पायथ्याशीं हा प्रश्न जीवन-मरणाचा होतो. जुलै २००० मध्यें घाटकोपर येथें दरड कोसळून साठांहून अधिक माणसें दगावलीं. जुलै २०१९ च्या प्रारंभीं, एका मध्यरात्रीं, मालाडच्या टेकडीवरील जलाशयाची आवारभिंत मुसळधार पावसांत कोसळली आणि खालच्या पिंपरीपाड्यांतील तीसच्या आसपास माणसांचा घास घेऊन गेली. ती भिंत रक्षणासाठीं उभारलेली होती. तिच्या मागें पाणी तुंबलें, आणि तिच्या खालीं झोपड्या होत्या. भिंत बांधतांना तिच्या आंतल्या बाजूचा विचार जितका होतो, तितका बाहेरच्या बाजूचा झाला पाहिजे, हें सांगावयास याहून निराळ्या दृष्टान्ताची जरूरी नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, गृहस्थाचें पहिलें कर्तव्य आपल्या मुलाबाळांविषयीं असतें. गटारें सुधारणें हें महापालिकेचें काम. तीं सुधारत नाहींत तोंवर मीं जोतें खालीं ठेवून शेजाऱ्याबरोबर बुडावें काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. सर्वांनीं मिळून बुडण्यांत कोणाचेंच कल्याण नाहीं. परंतु संकट टाळणें आणि संकट दुसऱ्यावर लोटणें या दोन भिन्न क्रिया आहेत. जोतें उंच घेणें ही पहिली. आपल्या आवारावर पडलेला पाऊस तळघरांतून पंपानें उपसून रस्त्यावर फेकणें ही दुसरी. पहिलीचा हक्क निःसंशय आहे. पण त्या हक्काबरोबर एक ऋणहि येतें. बांधकामापूर्वीं त्या भूखंडांतून जितकें पाणी बाहेर जात होतें, त्याहून अधिक बांधकामानंतर जाऊं नये, हें तें ऋण. आवाराचा कांहीं भाग उघड्या मातीचा ठेवावा, गच्चीवरचें पाणी जमिनीखालील टाकींत धरून पाऊस ओसरल्यावर हळूहळू सोडावें, नाल्याच्या कांठीं बांधकाम करूं नये. प्रवेशद्वाराच्या संगमरवरावर खर्च करणाऱ्यांस यांतलें कांहींच परवडूं नये, असें म्हणवत नाहीं.

शेजाऱ्यासाठीं आपल्या घरास मर्यादा घालावी ही कल्पना या शहरास अपरिचित नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टनें गरिबांचीं घरें पाडण्यांत दाखविलेली तत्परता पुन्हा बांधण्यांत दाखविली नाहीं, हें खरें. तथापि त्यानें पुरस्कारिलेल्या ६३.५ अंशांच्या नियमामागील विचार उदात्त होता. इमारतीची उंची समोरील मोकळ्या जागेच्या सुमारें दुपटीहून अधिक असूं नये, म्हणजे समोरच्याच्या तळमजल्यासहि आकाशाचा उजेड मिळेल, असा त्याचा सरळ अर्थ. आजच्या नियमावलींत मोकळ्या जागेची तूट अधिमूल्य भरून माफ करून घेण्याची सोय आहे. या व्यवहारांत विकला जातो तो शेजाऱ्याच्या खोलींतील उजेड आणि वारा. पैसे घेते महापालिका. आणि ज्याची वस्तु गेली त्यास कोणी विचारलेलें नसतें. कायद्यानें हें क्षम्य ठरेल, पण नीतीनें कसें ठरावें?

महापालिकेनें मार्च २०२२ मध्यें हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. असे आराखडे हवेतच. परंतु आराखडा साऱ्या शहराचा हिशेब मांडतो; आपल्या भूखंडाचा हिशेब ज्याचा त्यानें मांडावयाचा असतो. पुनर्विकासाच्या सभेंत किती चौरस फूट अधिक मिळणार यावर तासन् तास चर्चा होते. त्याच सभेंत एखाद्या सभासदानें उठून विचारावें कीं, आपल्या आवारांतील पाणी पुढें कोठें जाणार? बिल्डरला त्याचें उत्तर नकाशावर बोट ठेवून देतां आलें पाहिजे. तें मिळालें नाहीं, तरी कदाचित् नवीं घरें होतील आणि आपण त्यांत कोरडे राहूं. मात्र त्या कोरडेपणाची किंमत शेजारचा तळमजला भरीत आहे, एवढें तरी आपणांस ठाऊक असेल. आणि जें ठाऊक आहे त्याची जबाबदारी टाळतां येत नाहीं.